जळितांचा नकाशा आणि बालकांची सुरक्षितता

(पंचायत समिती सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पिकांचा नकाशा असतो, पाणलोट क्षेत्राचा नकाशा असतो, साथीच्या रोगांचाही नकाशा काढतात. परंतु मुले भाजतात त्याचा नकाशा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मूल भाजले म्हणजे घरातील कोणाचे तरी दुर्लक्ष झाले, किंवा त्या मुलाची वेळ वाईट होती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. मूल भाजण्याला ठिकाण असते, वेळ असते, ऋतू असतो, भांडे असते आणि त्या भांड्याची जमिनीपासूनची उंचीही असते. या गोष्टी नीट टिपल्या आणि नकाशावर मांडल्या, तर पुढचे मूल कोठे भाजणार आहे हे पुष्कळ अंशी आधी सांगता येते. आणि जे आधी सांगता येते ते टाळताही येते. एवढाच विचार मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजून मरण पावतात. यांपैकी बहुसंख्य मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक व्यक्ती मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असे हीच संघटना सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली बालकांच्या अपघातांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजाप्रमाणे २००४ या एका वर्षात आगीने भाजून जगातील २० वर्षांखालील सुमारे ९६ हजार मुले दगावली.

मृत्यूची संख्या ही या प्रश्नाची एकच बाजू आहे. बांगलादेश, कोलंबिया, इजिप्त आणि पाकिस्तान या देशांतील भाजलेल्या मुलांपैकी १८ टक्के मुलांना कायमचे अपंगत्व आले, असे आढळले आहे. याचे कारण समजून घेतले पाहिजे. मोठ्या माणसाची जखम भरून आली की व्रण राहतो. मुलाचे शरीर मात्र वाढत असते आणि जळिताचा जाड व्रण त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी बोटे तळहाताकडे ओढली जातात, कोपर सरळ होत नाही, मान छातीकडे झुकते. दोन वर्षांच्या मुलाच्या हातावर सांडलेला चहा अशा रीतीने दहाव्या वर्षी त्याच्या हातातील पेन्सिलीच्या आड येतो. मोठेपणी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. शेतमजुराच्या कुटुंबाला त्यासाठी दर वेळी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी मुक्काम करावा लागतो.

भाजणे आणि पोळणे

आपल्या भाषेने या बाबतीत एक उपयुक्त भेद केला आहे. आगीने वा तापलेल्या वस्तूने माणूस भाजतो. उकळते पाणी, चहा, डाळ, दूध यांनी तो पोळतो. दवाखान्याच्या नोंदवहीत हा भेद बहुधा नाहीसा होतो आणि ‘जळीत’ एवढाच शब्द उरतो. वस्तुतः चार-पाच वर्षांखालील मुलांत पोळण्याचे प्रकार सर्वांत अधिक असतात. मूल रांगू लागले, उभे राहू लागले, की हाताला लागेल ते ओढणे हा त्याचा स्वभावच असतो. साडीचा पदर, ओट्यावरून लोंबणारी वायर, पातेल्याखालचे फडके, सतरंजीचे टोक, यांपैकी काहीही त्याच्या हाती येते.

तापमानाचा हिशेबही येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सुमारे ४९ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने त्वचा खोलवर पोळण्यास कित्येक मिनिटे लागतात. पाणी ६० अंशांचे असेल तर मोठ्या माणसाच्या बाबतीत हा अवधी सुमारे ५ सेकंदांचा असतो आणि ७० अंशांवर तो एक सेकंदाहूनही कमी होतो. मुलाची त्वचा पातळ असल्यामुळे त्याला याहूनही कमी वेळ मिळतो. चुलीवरून नुकतेच उतरलेले पाणी तर याच्या कितीतरी पुढे असते. एक सेकंदात आई धावत येऊ शकत नाही. म्हणून ‘लक्ष ठेवा’ एवढा उपदेश पुरेसा नाही. जागेची व वस्तूंची रचनाच अशी हवी की क्षणभर लक्ष चुकले तरी मूल सुरक्षित राहावे.

नकाशाने काय साधते?

रोगाचा नकाशा काढण्याची परंपरा जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी करून मृत्यू कोठे झाले ते पाहिले. बहुतेक मृत्यू एका विशिष्ट हातपंपाच्या आसपास होते. त्यांनी हे तेथील पॅरिशच्या मंडळापुढे, म्हणजे एक प्रकारे आपल्या ग्रामपंचायतीसारख्याच स्थानिक मंडळापुढे मांडले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले आहे. मृत्यूंच्या खुणा असलेला त्यांचा प्रसिद्ध नकाशाही नंतर तयार झाला. परंतु रोगाचे मूळ हवेत नसून पाण्यात आहे, ही गोष्ट पटवून देण्याचे मोठे काम त्या नकाशाने केले.

या कथेतील एक बारकावा आपल्या विशेष उपयोगाचा आहे. त्याच परिसरात एका अनाथगृहवजा कामगृहात आणि एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात मृत्यू फारच थोडे झाले होते. कामगृहाची विहीर स्वतंत्र होती आणि कारखान्यातील कामगार त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. तात्पर्य, नकाशावर जेथे ठिपके आहेत ती जागा जशी बोलते, तशी जेथे ठिपके नाहीत ती जागाही बोलते. शेजारच्या दोन वस्त्यांपैकी एकीत मुले वारंवार पोळतात व दुसरीत पोळत नाहीत, असे दिसले, तर दुसऱ्या वस्तीत चूल कोठे आहे, न्हाणीघर कसे आहे, हे जाऊन पाहणे हेच पहिले काम ठरते.

इतरत्रचा अनुभव

नॉर्वे देशाच्या उत्तर भागात हारस्टाड नावाचे एक लहान शहर आहे. तेथील रुग्णालयाने १९८५ पासून अपघातांची पद्धतशीर नोंद ठेवली. लहान मुले मुख्यतः स्वयंपाकघरात भाजतात, हे त्या नोंदीवरून दिसले. ही माहिती कपाटात न ठेवता गावाला सांगण्यात आली. आरोग्य परिचारिकांनी घरभेटीत ती आईवडिलांना दिली, शेगडीभोवती लावावयाच्या संरक्षक कठड्यांचा प्रसार केला आणि नळाच्या गरम पाण्याचे तापमान कमी ठेवण्यास सांगितले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील मुलांच्या भाजण्याचे प्रमाण सुमारे ५३ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी घेतलेल्या त्रोन्हेम शहरात अशी घट झाली नाही. ‘हे आपल्याच गावात घडत आहे’ ही जाणीव परगावच्या आकडेवारीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे. नळाच्या अतिगरम पाण्याने मुले पोळतात, हे तेथील डॉक्टरांनी १९७८ साली दाखवून दिले. पुढे १९८३ साली त्या राज्याने कायदा करून घरगुती पाणी तापविण्याच्या यंत्राचे तापमान मुळातच ४९ अंशांवर लावून देणे आवश्यक ठरविले. प्रत्येक आईला उपदेश करण्यापेक्षा यंत्राची कळ एकदाच फिरविणे अधिक सोपे होते.

आपला शेजारी श्रीलंका. तेथे बाटलीत रॉकेल घालून केलेले घरगुती दिवे उलटून अनेकजण भाजत असत. अशा रुग्णांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडाकुंबुरा यांनी केवळ उपचारांवर समाधान मानले नाही. त्यांनी बुटका, जड, दोन बाजूंनी सपाट आणि धातूच्या आट्याच्या झाकणाचा काचेचा दिवा तयार केला. तो सहसा कलंडत नाही, कलंडला तरी घरंगळत नाही आणि झाकण पक्के असल्याने रॉकेल सांडत नाही. या कार्यासाठी त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला.

या तिन्ही ठिकाणी क्रम एकच होता. प्रथम नोंद, मग कारणाचा शोध, त्यानंतर वस्तूत वा जागेत बदल. उपदेश त्यांच्या जोडीला आला. तो त्यांच्या जागी आला नाही.

एक राज्य, अनेक प्रकारची आग

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे सर्वत्र एकच भित्तिपत्रक लावून भागणार नाही. कारण जिल्ह्याजिल्ह्यात आगीचे स्वरूप वेगळे आहे.

ऊसतोडणीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. कोपीच्या तोंडाशीच तीन दगडांची चूल असते. आईवडील पहाटे फडावर जातात आणि तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती राहते. चुलीतील विस्तव वरून राखेने झाकलेला, पण आत धगधगता असतो. कोल्हापूरच्या बाजूला गुऱ्हाळांवर उकळत्या रसाची काहील आणि जमिनीलगतचे चुलवाण असते. तेथे धोका वेगळा, वेळही वेगळी.

मेळघाटात, म्हणजे धारणी व चिखलदरा तालुक्यांत, बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने वा सळईने पोटावर चटके देण्याची प्रथा आढळते. तिला ‘डंबा’ म्हणतात. येथे आग अपघाताने लागत नाही. आजारी बाळ बरे व्हावे या इच्छेने, पण अज्ञानाने, ती लावली जाते. शेगडीच्या कठड्याचा येथे काहीच उपयोग नाही. येथे गावातील वडीलधाऱ्यांना व भूमकांना विश्वासात घेणे आणि बाळाच्या पोटफुगीवर जवळच उपचार उपलब्ध करून देणे, हाच मार्ग आहे.

शहरांच्या दाट वस्त्यांत एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप चालते. शेगडी जमिनीवर, शेजारी मूल. गच्चीजवळून उच्च दाबाच्या विजेच्या तारा जात असतील, तर संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मागे धावणाऱ्या मुलांना विजेचा झटका बसून खोल जळिते होतात. दिवाळीत फटाक्यांनी हात व डोळे दुखावतात. लग्नकार्यात आणि गावजेवणात रश्श्याची मोठी भांडी चुलवाणावरून उतरवून जमिनीवर ठेवतात आणि त्यांच्याभोवती मुले खेळत असतात. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकाची जागा आणि मुलांची ये-जा यांचाही विचार याच दृष्टीने व्हावयास हवा.

काळाप्रमाणे आगीची जागाही बदलते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर असंख्य घरांत गॅस आला आणि रॉकेलचा वापर पुष्कळ घटला. तथापि अनेक घरांत स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचे पाणी अंगणातील चुलीवर वा बंबावर, अशी विभागणी झाली आहे. काही ठिकाणी बादलीत विजेची कांडी सोडून पाणी तापवितात आणि ती बादली जमिनीवरच असते. म्हणजे स्वयंपाकघरातील धोका काही अंशी न्हाणीघराकडे सरकला आहे. दहा वर्षांपूर्वीच्या माहितीवर आजचा कार्यक्रम आखता येणार नाही, तो यामुळेच.

नोंद कशी असावी?

नकाशा नोंदीवर उभा राहतो. आज माहिती नाही असे नाही. ती विखुरलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण नोंदवही, ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांचे जळीत कक्ष, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची नोंद, आशा कार्यकर्तीची वही, पोलीस ठाण्याची नोंद, असे हे अनेक स्रोत आहेत. यांतील रुग्णवाहिकेची नोंद विशेष मोलाची. कारण रुग्णाला कोठून उचलले हे तीत असते. पोलिसांकडे बहुतांशी गंभीर प्रकार पोचतात. केवळ मृत्यूंवरून काढलेला नकाशा हा मृतांचा नकाशा होईल. भाजलेल्यांचा होणार नाही.

प्रत्येक नोंदीत पुढील आठ गोष्टी असाव्यात, असे मला वाटते: मुलाचे वय व मुलगा की मुलगी, घटना घडली ते गाव व वस्ती, नेमकी जागा, म्हणजे स्वयंपाकघर, अंगण, न्हाणीघर, शेत, रस्ता, शाळा, दिवस व वेळ, कशाने भाजले वा पोळले, ते भांडे किंवा ती आग जमिनीपासून किती उंचीवर होती, त्या वेळी मुलाजवळ कोण होते, आणि दवाखान्यात आणण्यापूर्वी जखमेवर काय लावले होते. हे लिहावयास पाच मिनिटे पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही जळितांच्या नोंदीसाठी सर्व देशांना वापरता येईल असा एकसारखा, आटोपशीर नमुना तयार केला आहे.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. आपल्या नोंदवह्यांत रुग्णाचा राहण्याचा पत्ता असतो; घटनेचे ठिकाण नसते. बीड जिल्ह्यातील मूल कोल्हापूर जिल्ह्यातील फडावर भाजले, तर ठिपका कोठे द्यावयाचा? पत्त्यावर दिला तर बीडच्या त्या गावात शोधूनही कारण सापडणार नाही आणि फडावरची कोपी तशीच राहील. ठिपका घटना घडली तेथेच दिला पाहिजे.

दोन नकाशे

प्रत्यक्ष काम दोन पातळ्यांवर करावे. पहिला नकाशा तालुक्याचा. तो घडलेल्या घटनांचा. प्रत्येक महसुली गावाला जनगणनेतील सांकेतिक क्रमांक असतो. त्याच्या आधारे वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र जुळविता येतात. पोळणे, आगीने भाजणे, वीज, फटाके आणि चटके यांना वेगवेगळे रंग द्यावेत. संगणकावर हे काम सुलभ होते. परंतु संगणक नसला म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा आणि रंगीत टाचण्या यांवरही उत्तम काम होते.

दुसरा नकाशा गावाचा. तो घडू शकणाऱ्या घटनांचा, म्हणजे धोक्याच्या जागांचा. एका लहान गावात वर्षाला एखादेच मूल गंभीर भाजेल, एखाद्या वर्षी एकही नाही. एवढ्या थोड्या घटनांवरून गावापुरता निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. म्हणून गावाने ठिपक्यांची वाट पाहू नये. जमिनीवरची चूल कोणत्या वस्तीत आहे, उघड्यावर पाणी कोठे तापते, तारा कोठे खाली आल्या आहेत, वीटभट्टी व गुऱ्हाळ कोठे आहे, हे त्याने टिपावे. स्वामित्व योजनेखाली २०२० पासून गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होत आहे. जेथे असे नकाशे तयार झाले आहेत तेथे त्यांचा आधार घेता येईल.

शिक्षक बंधुभगिनींना येथे मोठा वाव आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना आपल्या घराचा आराखडा काढावयास सांगावा आणि त्यात गरम वस्तू कोठे असतात तेथे तांबडी खूण करावयास सांगावे. मग आपले धाकटे भावंड कोठे रांगते तेथे निळी खूण. दोन्ही खुणा जेथे एकमेकींजवळ येतात, ती जागा घरच्या माणसांना दाखवावयाची. भूगोलाचा एक तास यात जाईल, पण तो वाया जाणार नाही.

नकाशा वाचताना

नकाशा फसवूही शकतो. मोठ्या गावात ठिपके अधिक दिसतात ते तेथे मुले अधिक असल्यामुळे. म्हणून ठिपके मोजून न थांबता दर हजार मुलांमागे प्रमाण काढावे आणि निदान तीन वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात. रुग्णालयाजवळच्या गावांतून रुग्ण लवकर येतात. दूरच्या पाड्यावरून येतच नाहीत. तो पाडा नकाशावर कोरा दिसतो. अशा ठिकाणी आशा कार्यकर्तीने जाऊन खात्री करावी. लंडनमधील कामगृहाची जागा कोरी होती ती सुरक्षिततेमुळे. पाड्याची जागा कदाचित केवळ अंतरामुळे कोरी असेल. दोन्हींचा अर्थ एक नव्हे.

भाजलेल्या मुलाचे नाव किंवा घर सार्वजनिक नकाशावर कधीही दाखवू नये. वस्तीपर्यंतच थांबावे. याचे कारण केवळ शिष्टाचाराचे नाही. मूल भाजले की सगळे गाव आईकडे बोट दाखविते. त्यातच भाजल्याची प्रकरणे रुग्णालयात बहुधा पोलिसांना कळविली जातात. त्यामुळे घाबरलेली माणसे खरी हकीकत सांगत नाहीत किंवा मुलाला दवाखान्यात नेण्यास उशीर करतात. मुलाला हेतुपुरस्सर इजा झाल्याचा संशय असेल तर कायद्याप्रमाणे कळविलेच पाहिजे, यात शंका नाही. परंतु प्रतिबंधासाठी ठेवलेली नोंद ही गुन्हेगार शोधण्याची वही नव्हे, हे गावाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. फडावर दिवसभर ऊस तोडणारी आई चुलीपाशी मुलाला सांभाळीत बसू शकत नाही; यात दोष तिचा नाही. पाळणाघर नसणे ही त्या नकाशावरची खरी खूण आहे. दोषाची भाषा सोडल्याशिवाय खरी माहिती मिळणार नाही आणि खऱ्या माहितीशिवाय नकाशा खोटा ठरेल.

ठिपक्यापासून उपायापर्यंत

नकाशा भिंतीवर टांगून कार्य संपत नाही. प्रत्येक पुंजक्यापुढे तीन प्रश्न लिहावेत: काय बदलता येईल, कोण बदलील आणि केव्हापर्यंत?

न्हाणीघरात पोळण्याच्या घटना अधिक असतील, तर बंबाभोवती कठडा, बादली ठेवण्यास उंच कट्टा, आणि एक साधा नियम: घंगाळात आधी विसण, मग गरम पाणी. मुलाला पाण्यात बसविण्यापूर्वी कोपर बुडवून पाहावे. चुलीपाशी घटना अधिक असतील, तर चुलीची उंची वाढविणे, तिच्याभोवती आडोसा करणे, पातेल्याचे कान आतल्या बाजूस ठेवणे आणि सांडशी नेहमी हाताशी असणे. कोप्यांच्या तळांवर हंगामापुरते पाळणाघर आणि तळापासून थोडी दूर सामायिक चूल. यासाठी साखर कारखान्याशी बोलावयाचे आहे. तारांच्या बाबतीत ग्रामपंचायतीने वीज वितरण कंपनीकडे नकाशासह लेखी मागणी करावी. ‘गावात तारा खाली आल्या आहेत’ या तक्रारीपेक्षा ‘या सात घरांच्या गच्चीजवळून तारा जातात’ ही तक्रार टाळणे कोणत्याही कार्यालयाला कठीण जाते. सामुदायिक जेवणाच्या वेळी भट्टीभोवती दोर बांधून मुलांना मज्जाव करावा. त्याला खर्च दोराचा. यांतील जी कामे पैशाची आहेत, ती ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात घालता येतील. वर्षअखेरीस तोच नकाशा पुन्हा ग्रामसभेपुढे ठेवावा. पुंजका विरळ झाला की नाही, हे तेव्हा कळेल. न झाल्यास उपाय बदलावा.

तात्काळ करावयाचे उपचार

सर्व काळजी घेऊनही एखादे मूल भाजतेच. अशा वेळी भाजलेल्या भागावर वाहते, साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. घटना घडून तीन तास उलटले नसतील तोवर याचा लाभ होतो. बर्फ लावू नये. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप, पीठ यांपैकी काहीही लावू नये. त्यामुळे जखमेत जंतूंचा शिरकाव होतो आणि तिची खोली डॉक्टरांना दिसत नाही. सूज येण्यापूर्वी बांगड्या, वाळे, करदोटा काढून घ्यावा. त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये. मुलाचे उरलेले अंग उबदार ठेवावे, जखम स्वच्छ कापडाने झाकावी आणि १०८ क्रमांकाला कळवावे. मुलाचा तळहात बोटांसह त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का असतो. असे दहा तळहात भरतील एवढा भाग भाजला असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे व गुप्तांगे भाजली असतील, किंवा विजेने इजा झाली असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

समारोप

मित्रहो, देवी व पोलिओ या रोगांना आपण देशातून हद्दपार केले, ते घरोघरी जाऊन नोंद करणाऱ्या असंख्य कार्यकर्त्यांच्या बळावर. भाजण्यावर लस नाही. परंतु ते कोठे, केव्हा आणि कशाने होते हे आपल्याला कळू शकते, आणि हे ज्ञान लसीच्या खालोखाल उपयोगी आहे. त्यासाठी नवे खाते नको, मोठी इमारत नको. नोंदवहीत दोन स्तंभ वाढवावेत, घटनेचे ठिकाण आणि भाजण्याचे कारण. महिन्यातून एकदा आरोग्य अधिकारी, गटशिक्षणाधिकारी व पंचायत समितीचे सदस्य यांनी एका नकाशाभोवती बसावे. आपल्या तालुक्यात हे काम पुढच्या मासिक सभेपासून सुरू करता येईल. ऊसतोडणीचा हंगाम, संक्रांत आणि दिवाळी यांच्या तारखा आपल्याला आधीच ठाऊक आहेत. त्या येण्यापूर्वी आपला नकाशा तयार असावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!